डबा दिसला आपला

ती फिल्म मी बघितलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. इथं न्यूझीलंडमध्ये, पापाकुऱ्यातल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरानं ती बघितली. माझ्या आईबाबांनी बघितली. कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या गुजराती काकांनी टेप करून ठेवली आणि दूध-पाव विकता विकता पुन्हा बघितली. मी मात्र तीस वर्षांहून जास्त काळ कुणी तिचा विषय काढला की तिथून उठून जायची. राग धरायचा तर अर्धवट धरू नये, असा माझा स्वभाव आहे, आणि धंद्यात मला त्याचा फायदाच झाला. बंद पडलेल्या कॅफेंचे ओव्हन, फ्रीज, भांडीकुंडी विकत घ्यायची आणि नव्यानं कॅफे काढणाऱ्यांना विकायची, हा माझा धंदा. भाड्याच्या एका गॅरेजात सुरुवात केली, कुणी एक खुर्ची पुढं केली नाही की एक शब्द टाकला नाही. आज 'ते रापा' नावाच्या भागात एक गोदाम आहे, हॉर्नबीला दुसरं. समोरचा माणूस किती घासाघीस सहन करेल हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. एवढं सगळं कळणारी मी, सतरा वर्षांची असताना एका बोलणीत अशी हरले की त्यातून अजून बाहेर आलेले नाही. या प्रकरणात तेवढंच सांगायचं आहे.

आमचं घर लाकडी फळ्यांचं, वर पत्रा, रेल्वेच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत. पुण्यातल्या दोन खोल्यांतून आलो तेव्हा ते आम्हाला केवढं मोठं वाटलं होतं! मग हिवाळा आला. थंडी खिडकीतून येत नसे, जमिनीतून वर चढायची. सकाळी खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटलेलं असायचं आणि आईचा दिवस ते पाणी जुन्या टॉवेलनं पुसण्यापासून सुरू व्हायचा. पुसायची, पिळायची, पुन्हा पुसायची. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात भिंतीवरचा कागद ओलीनं सुटून लोंबत होता, छताला चहा सांडल्यासारखा डाग होता. बाबा पिंपरीत ड्राफ्ट्समन होते, इथं पाइप बनवणाऱ्या कारखान्यात मशीनपाशी उभे राहायचे. घरी आले की तासभर त्यांच्या कानात मशीन चालू असायचं, म्हणून आम्ही दोघी जरा मोठ्यानं बोलायचो. ती सवय मला अजून आहे. माझ्याकडची पोरं म्हणतात, शैलाताई फोनवर भांडतात. मी भांडत नसते, बोलत असते. कधीकधी भांडतही असते.

कुंपणापलीकडे ओदीलबाई राहायच्या. ओदील ही फ्रान्समधली गायिका. गाणी स्वतः लिहायची, स्वतःच चाल लावायची. तरुणपणी तिकडं तिचं बरंच नाव झालं होतं, मासिकांवर फोटो वगैरे. मग एका कार्यक्रमात गाणं अर्ध्यात थांबवून ती स्टेजवरून उतरली ती पुन्हा चढलीच नाही. पुढं रेसचे घोडे तयार करणाऱ्या इथल्या एका माणसाशी तिनं लग्न केलं आणि पापाकुऱ्यात आली. आम्ही राहायला गेलो तोवर तो नवरा वारला होता. मागं राहिलं ते एक घर, दोन म्हातारे घोडे आणि रेसच्या जुन्या छापील कार्डांचे गठ्ठे. त्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर ती गाणी लिहायची. संध्याकाळी मागच्या दाराच्या पायरीवर बसून गिटारवर तीच ओळ दहा वेळा म्हणायची. ऐकायला आम्ही, घोडे आणि कावळ्याएवढे मॅगपाय पक्षी. आई म्हणायची, "बाई रडत नाही ना, म्हणून गाते."

दोन्ही घरांमधल्या कुंपणाची एक फळी निखळलेली होती. त्या फटीतून आधी आमचा स्टीलचा डबा पलीकडे गेला, मग आई गेली. आई इंग्रजी शिकली ती ओदीलबाईंकडून, त्यामुळे तिचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं झालं. घोड्याला 'ऑर्स' म्हणायची, घराला 'आउस'. डेअरीवाले काका हसायचे. आई म्हणायची, "हसा. तुम्ही गुजराती इंग्रजी बोलता, मी पॅरिसचं बोलते." आमच्या अंगणातल्या फिजोआच्या झाडाची पेरूसारखी फळं शरद ऋतूत ओदीलबाईंच्या शेडच्या पत्र्यावर पडायची, ठप्प, ठप्प, दिवसभर. त्या फळांचा आई मुरांबा करायची, कोशिंबीर करायची. ओटाराच्या शनिवारच्या बाजारात सामोअन बायका अळूची पानं विकायला बसत. न्यूझीलंडमध्ये अळू मिळालं त्या दिवशी आई बाजारातच मटकन बसली होती. तिच्या अळूवड्या ओदीलबाईंना फार आवडायच्या. डबा परत यायचा तो कधी रिकामा यायचा नाही. त्यात लिंबं असायची, अंडी असायची, एकदा तर नुसतं रेसचं एक कार्ड होतं, मागं गाण्याच्या चार ओळी लिहिलेलं. आईला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तिनं ते पिठाच्या डब्यात जपून ठेवलं.

पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा ओदीलबाईंनी दुसऱ्या वाढणीला "नो, थँक यू" म्हटलं होतं. आईनं ऐकलंच नाही, वाढलं. त्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना समजावून सांगितलं, आईचं ऐकून, तिच्याच शब्दांत: आमच्यात पहिल्यांदा नाही म्हणतात ती रीत म्हणून. दुसऱ्यांदा म्हणतात ते संकोचानं. तिसऱ्यांदा विचारल्यावर जे सांगतात ते खरं धरायचं. ओदीलबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, "मग तुमच्या देशात उपाशी कोण राहतं?" आई म्हणाली, "ज्याला तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही तो." त्यानंतर त्या आमच्याकडे बरोबर दोनदा 'नको' म्हणायच्या, मराठीत, आणि ताट पुढं धरून थांबायच्या.

मला बोलणी करायला शिकवलं बाबांनी. स्वतः ते मऊ माणूस, कारखान्यात कुणी त्यांचं स्टूल उचलून नेलं तरी बोलायचे नाहीत. पण तुळशीबागेत घासाघीस करण्याचं त्यांचं तंत्र मला लहानपणीच पाठ झालं होतं. "आपली गोष्ट सांगायची, शैले. नाही म्हणाला की वळायचं आणि चालायला लागायचं. सात पावलं. मागं बघायचं नाही. आठव्या पावलाला हाक येते." पुण्यात यायची. ओटाराच्या बाजारातही यायची. सामोअन बायका आधी मला बघून खदखदा हसायच्या, मग हाक मारायच्या. सतरा वर्षांची होईपर्यंत माझी खात्री झाली होती की जगात कुठंही आठव्या पावलाला हाक येतेच.

त्या शरद ऋतूत टीव्हीवाले आले. ओदीलबाईंवर तासाभराची फिल्म करायची होती, इथल्या टीव्हीसाठी, पुढं फ्रान्समध्येही दाखवणार होते. गाणं का सोडलं, इथं का आली, आता कशी जगते, असं सगळं जवळून दाखवायचं होतं. दिग्दर्शक ग्रॅहम, लाल दाढीचा, जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून काम करणारा, अजिबात आवाज न चढवणारा. बरोबर एक कॅमेरावाला आणि कानाला मोठे हेडफोन लावलेली आवाजवाली मुलगी. फिजोआ पत्र्यावर पडला की ती डोळे मिटून घ्यायची आणि सगळं पुन्हा करायला लागायचं. पाच दिवस त्यांनी ओदीलबाईंना सोडलं नाही. केस धुताना, घोड्याच्या खुरातला चिखल काढताना, पायरीवर तीच ओळ दहा वेळा म्हणताना. संध्याकाळी त्या आमच्याकडे येऊन आईच्या शेजारी न बोलता बसायच्या.

चौथ्या दिवशी त्यांनीच ग्रॅहमला सांगितलं की सूमानशिवाय ही फिल्म खोटी होईल. माझ्या आईचं नाव सुमन, त्या लांबवून 'सूमान' म्हणायच्या. ओदीलबाई हे सांगणार आहेत ते आईला त्यांच्याकडून आदल्या दिवशीच कळलं होतं. आणि तिनं त्याच दिवशी साताऱ्याला, तिच्या आईला, पत्र टाकलं होतं. आम्ही इथं आल्याला सहा वर्षं झाली होती, एकदाही परत जाणं जमलं नव्हतं. साताऱ्याच्या आजीची नजर जात चालली होती. तिथं शेजाऱ्यांकडे व्हिडिओ होता. आईनं लिहिलं होतं, "मी टेप पाठवते. डोळे आहेत तोवर मला एकदा हलताना-बोलताना बघ." हे पत्र मीच पोस्टात टाकलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मी स्वतःला कितीही वेळा वेगळं सांगून बघितलं, पण माहीत होतं.

ओदीलबाईंच्या मागच्या अंगणात आम्ही सगळे उभे होतो. ग्रॅहमचं बोलणं मराठीतच सांगते. तो म्हणाला, "सुमन, तुम्ही रोज करता तसा स्वयंपाक करायचा, ओदील टेबलापाशी बसेल. आम्ही नाहीच असं समजा."

आई लाजून हसली, हात कार्डिगनला पुसत म्हणाली, "नो, नो. माझं काय टीव्हीवर? यू टेक ओदील."

"नक्की ना? तुम्हाला अवघड वाटत असेल तर..."

"नाही नाही. खरंच नको."

तिचे डोळे ओदीलबाईंकडे गेले. सकाळी तिनं केस धुतले होते, ते अजून पाठीवर ओले होते. ओदीलबाईंनी तोंड उघडलं. आणि नेमकी मी मध्ये पडले.

मला काय दिसत होतं ते सांगते. मला साताऱ्यातली खोली दिसत होती, सगळे नातेवाईक टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसलेले, आणि पडद्यावर माझी आई. अंगात बाबांचं जुनं कार्डिगन, मागं लोंबणारा कागद, छताला डाग. परदेशी गेलेल्या सुमनचं हे असं. म्हणून मी माझ्या अटी घातल्या. शूटिंग आमच्या पुढच्या खोलीत होईल. आई तिची हिरवी रेशमी साडी नेसेल. तिचं पूर्ण नाव पडद्यावर येईल. आणि टेप आधी आम्हाला मिळेल.

ग्रॅहमनं सगळं नीट ऐकून घेतलं. नाव देतो म्हणाला, टेपही देतो म्हणाला. "पण जागा किचनच हवी. आणि साडीबिडी नको, आहेत तशाच छान आहेत. तेच तर खरं आहे."

"खरं म्हणजे काय?" मी म्हटलं. "भिंतीचा कागद सुटलेला दिसला की खरं?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं? ओदीलबाईंचे केस विंचरलेले चालतात, माझ्या आईनं साडी नेसली की खोटं? माझी आई तुमच्या फिल्ममधली स्वयंपाकीण नाही."

"शैले," आई हळूच म्हणाली, "हळू बोल."

आजही मला वाटतं की माझं म्हणणं चूक नव्हतं. हे मी अजून कुणाशीही भांडून सिद्ध करीन. पण मी तिथं थांबले नाही. मला दिसत होतं की तो अर्धा आमच्या बाजूला आलाय, फक्त शेवटचा धक्का हवाय. मी म्हटलं, "तसं असेल तर आम्हाला करायचंच नाही. विषय संपला." आईचं मनगट धरलं, वळले आणि चालायला लागले.

ओल्या गवतात फिजोआ पडून फुटले होते, त्यांचा गोड वास येत होता. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला मागून ओदीलबाईंचा आवाज आला, "सूमान, तुला खरंच नको आहे?" मला आईच्या मनगटात हालचाल जाणवली. ती थांबली. ही तिसरी वेळ होती. आता तिनं 'हो' म्हणायचं, रीतीप्रमाणे. पण तिनं माझ्याकडे बघितलं. परक्या माणसांपुढं मी 'विषय संपला' म्हटलं होतं. आई म्हणाली, "राहू दे, ओदीलबाई." माझा शब्द खाली पडू नये म्हणून. मी ते समजले, आणि समजून पुढं चालत राहिले, कारण मला ओदीलबाईंची हाक नको होती, ग्रॅहमची हवी होती. सहा, सात. आठव्या पावलाला आम्ही फळीच्या फटीतून आमच्या अंगणात होतो. मागं ग्रॅहम म्हणत होता, "नो वरीज. स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही. आणि आवाजवाल्या मुलीला म्हणाला, दिवा इकडं हलवू या.

इथला माणूस 'नाही' ऐकलं की ते 'नाही' म्हणूनच ठेवून घेतो. तो उद्धट नसतो. उलट त्याला वाटतं की आपण तुमचा मान राखला. मी हे शिकले तेव्हा फार उशीर झाला होता. आज हॉर्नबीत किंवा ते रापात कुणाशी बोलणी करताना मी कधी उठून जात नाही. चहा गार होईपर्यंत बसून राहते.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "आता?"

"येतील," मी म्हटलं. "उद्या एक दिवस आहे अजून. तू तयार राहा."

दुसऱ्या दिवशी आई हिरवी साडी नेसली. सकाळी अळूवड्या केल्या, वाफवल्या, तळल्या. मग पुढच्या खोलीत बसायचं सोडून खुर्ची ओढून किचनच्या खिडकीपाशी बसली. मी म्हटलं, "इथं कशाला बसलीस?" म्हणाली, "अगं, समज त्याला किचनच हवं असलं, तर नाही म्हणायला नको. आणि समज साडी चालली, तर तीही आहे." दोन्ही बाजूंनी तिनं स्वतःच तडजोड करून ठेवली होती. त्या खुर्चीतून तिला फळीची फट दिसायची. दुपारी मला म्हणाली, हा डबा तेवढा पलीकडे देऊन ये, ती माणसं उपाशी काम करतात. मी म्हटलं, मी मुळीच जाणार नाही. मग ती स्वतः उठली, डबा फटीतल्या आडव्या लाकडावर ठेवला, "ओदीलबाई!" अशी हाक मारली आणि कुणी यायच्या आत लगबगीनं परत खुर्चीत येऊन बसली. मागायला आली असं वाटू नये म्हणून. चार वाजता त्यांची व्हॅन गेली. आवाज दूर जाईपर्यंत आई बसून होती. मग साडीची घडी घालताना म्हणाली, "साताऱ्याला लिहायला हवं." तिनं लिहिलं की पावसामुळे शूटिंग रद्द झालं. त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

दोन दिवसांनी ओदीलबाई डबा घेऊन फटीपाशी आल्या. घासून लख्ख केलेला, आत आमचेच फिजोआ. मी समोर होते. म्हटलं, "तुम्हाला आमची रीत माहीत होती. त्याला नव्हती. तुम्हाला होती."

"हो," त्या म्हणाल्या. "मला माहीत होती." आणखी काहीतरी सांगणार होत्या. पण सांगितलं नाही. मी डबा ओढून घेतला आणि आत गेले. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही.

फिल्म काही महिन्यांनी रविवारी संध्याकाळी लागली. मी मागच्या अंगणातल्या सुट्या खोलीत जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. तासाभरानं आई चहा घेऊन आली.

"झाली?"

"झाली. छान झालीय. बाई फार सुंदर दिसते."

"आणि?"

"डबा दिसला आपला."

मी उसळले. "डबा! सहा वर्षांत तुझी आई तुला बघू शकली नाही, आणि तू डबा दिसला म्हणून खूश?"

"चांगला लख्ख दिसला," आई म्हणाली. माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मी हात झटकला. तरी ती थोडा वेळ तिथंच उभी होती. त्या संध्याकाळनंतर बाबांनी सात पावलांची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. माझ्या ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यानंतरच्या हिवाळ्यात आई न्यूमोनियानं गेली. आठ दिवसांत. साताऱ्याची आजी तिच्यानंतरही काही वर्षं जगली, शेवटी पूर्ण आंधळी. आमच्याकडे आईचे अकरा फोटो आहेत. त्यातल्या सातांमध्ये ती कुणाला तरी वाढते आहे आणि तोंड दुसरीकडे आहे. तिचा आवाज कुठंच नाही. बाबा जाईपर्यंत म्हणायचे की मला ऐकू येतो, पण त्यांना मशीनही ऐकू यायचं. आईच्या अंत्यविधीला ओदीलबाई आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोरून गेले आणि थांबले नाही. नंतर त्या घोडे देऊन टाकून फ्रान्सला परत गेल्याचं कळलं.

यंदाच्या शरद ऋतूत त्या वारल्या. इथल्या बातम्यांत दोन मिनिटं आलं आणि त्या आठवड्यात टीव्हीवर ती जुनी फिल्म पुन्हा ठेवली. माझी मुलगी तारा रविवारी जेवायला आली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. जेवण झाल्यावर म्हणाली, "मम, यू हॅव टू वॉच धिस. देअर्स अ बिट विथ युअर मम्स फूड." मी उठायला लागले. गुडघा दुखत होता म्हणून एकदम उठता आलं नाही, आणि तोवर तिनं लावली होती.

फिल्म चांगली आहे. हे लिहायला मला जड जातं. ओदीलबाईंचा चेहरा इतक्या जवळून दाखवला आहे की गाताना मानेची शीर फुगते ती दिसते, सूर चिरकतो तिथं त्या थांबत नाहीत तेही दिसतं. गाणं अर्ध्यात का सोडलं या प्रश्नाला त्या उत्तर देत नाहीत, नुसत्या बघतात, आणि तो मध्ये बोलत नाही. मग मागच्या दाराची पायरी येते. ऊन आहे. त्यांच्या मांडीवर आमचा डबा. त्या झाकण काढतात, कॅमेऱ्याच्या मागं बसलेल्या माणसापुढं धरतात.

"नाही, खूप खाल्लं," ग्रॅहमचा आवाज.

"घ्या ना," ओदीलबाई म्हणतात. मराठीत. आईचाच हेल, शेवटाला वर जाणारा. "एक. माझ्यासाठी."

"खरंच नको."

"आता तिसऱ्यांदा विचारते. घ्या ना."

तो हसतो, त्याचा हात आत येतो, एक वडी उचलतो. मग ओदीलबाई हसायचं थांबवतात. "बघितलंस? तू तिला दोनदाच विचारलंस."

"कुणाला?"

"सूमानला. ती बसली आहे तिथं खिडकीत. हिरवी साडी नेसून. मला इथून दिसते. जा, जाऊन पुन्हा एकदा विचार."

"ओदील, ती नाही म्हणाली. आणि त्या मुलीनं तर अगदी स्पष्ट सांगितलं." जरा थांबून तो म्हणतो, "नाही म्हटलेलं ऐकायला नको का माणसानं?"

ओदीलबाई कॅमेऱ्यातून मान वळवून डावीकडे बघत राहतात, जिथं आमचं घर होतं. पत्र्यावर एक फिजोआ पडतो, ठप्प. त्या डब्याचं झाकण लावतात. ग्रॅहमनं हे कापलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्यानं ते ठेवलं होतं.

म्हणजे आईनं हे ऐकलं होतं. पुढच्या खोलीत बाबांच्या शेजारी बसून, इंग्रजी समजत असताना, तिनं ऐकलं होतं की खिडकीत बसलेली ती दिसत होती, ओदीलबाई ग्रॅहमला विचारायला पाठवत होत्या, आणि कुणाच्या शब्दामुळे तो आला नाही. बाबांनीही ऐकलं होतं. त्यानंतर ती उठली, तिनं चहा केला, अंगण ओलांडून माझ्याकडे आली, आणि एवढ्या सगळ्यातून मला सांगण्यासारखं तिनं काय निवडलं?

तारानं फिल्म थांबवली होती. "मम? हू इज द गर्ल?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"नो, बट हू?"

"असेल कुणीतरी. जाऊ दे."

तारा इथं जन्मलेली, इथंच वाढलेली. दोनदा 'नाही' ऐकलं की इथली माणसं विषय सोडतात, आणि तीही नेहमी सोडते. त्या दिवशी तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारलं. मग मी सांगितलं.